उलटा भरलेला खड्डा

त्या घराचं दार सहसा कोणी वाजवत नसे. शेजारीण यायची ती "मामी, आहात का हो?" असं ओरडत थेट शेगडीपर्यंत. दूधवाला उंबऱ्यात उभा राहून खाकरायचा आणि तेवढं पुरायचं. त्यामुळे त्या सकाळी दारावर हलकी, अदबीची टकटक झाली, तेव्हा मामींचा हात जागच्या जागी थांबला. हातात वस्तरा होता आणि वस्तऱ्याखाली मामांचा गाल.

"हलू नका हं," त्या म्हणाल्या. "नाहीतर कान जाईल."

"जाऊ दे. तसाही एकाच कानानं संसार चाललाय," मामा फेसातून म्हणाले.

सून डब्याचं झाकण दाबत होती. शिवणकारखान्याची गाडी चुकेल म्हणून तिची रोजचीच धांदल. तिनं एका पायात चप्पल सरकवतच दार उघडलं. बाहेर एक तरुण बाई उभी होती. डोक्यावर टोपी, खांद्यावर पिशवी आणि बुटांना वाळलेल्या चिखलाचे जाड थर. तो चिखल मामींनी आतूनच ओळखला. राखाडी, चिवट, खरवडून काढावा लागणारा. आख्ख्या परिसरात तसा चिखल एकाच जागी होता, खिडकीसमोरच्या माळाच्या उतारावर.

"खड्डेमामा इथंच राहतात ना?" तिनं विचारलं आणि स्वतःच ओशाळली. "माफ करा, खरं नाव विचारायला हवं होतं. पण आमच्या माती-पाहणीच्या ऑफिसात सगळे हेच म्हणतात."

"आम्हीही हेच म्हणतो," सून म्हणाली. "या आत. बूट राहू द्या, आमची फरशी काही लग्नाची नाही."

मामांचं सगळं आयुष्य माती तपासणाऱ्या खात्यात गेलं. तपासायचे साहेब लोक, मामा खणायचे. माणूस आत उतरून उभा राहील असा खड्डा, त्याची एक भिंत सुरीनं कापल्यासारखी सरळ. साहेब त्या भिंतीकडे बघत, माती बोटांत मळत, तिची वळी करून बघत, लिहून घेत आणि निघून जात. मग खड्डा परत भरायचा. लोकांना याची फार मौज वाटायची. हा माणूस पगार घेतो तो खड्डे खणण्याचा, आणि तेच बुजवण्याचा! मामा मान डोलवून म्हणत, "खणणं काय, रानडुकरालाही येतं. भरता आलं पाहिजे."

ते खरंही होतं. त्या उतारावर माती म्हणजे नावाला. वर जेमतेम वीतभर चिकण माती, तिच्यात गवताची मुळं. त्याखाली ढेकळांचा पातळ थर, आणि लगेच मऊ खडक. पापुद्रे सुटणारा, खारट, निर्जीव. वरची वीतभर माती तयार व्हायला किती पिढ्या जातात ते साहेबच जाणोत, पण ती एकदा खाली गाडली गेली की जागा मेली. म्हणून खणताना तीन गोणपाटं अंथरायची. वरची माती एकावर, मधली दुसऱ्यावर, खडकाचा चुरा तिसऱ्यावर. भरताना चुरा आधी, मग मधली, आणि वरची शेवटी. लग्न होऊन आल्यावर मामी या कामात हाताशी लागल्या. मामा कुदळ मारायचे, मामी घमेली उचलून ज्या त्या गोणपाटावर रिकामी करायच्या. एकदा त्यांनी चुकून मधलं घमेलं वरच्या मातीत ओतलं होतं, तर मामांनी हातांनी चिवडून ते वेगळं केलं होतं. "सासूच्या डाळीत खडे टाकलेस तर चालेल," असं म्हणाले होते, "पण इथं नको."

आता मामांचे डोळे मोतीबिंदूनं अंधुक झाले होते, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत डोक्यातून एकेक गोष्ट गुपचूप निघून चालली होती. काल काय जेवलो ते गेलं. पेन्शन कुठल्या खिडकीवर मिळते ते गेलं. सुनेला ते कधीकधी मोठ्या आदरानं विचारत, "ताई, आपण कोणाकडे आलात?" त्यावर ती बिचारी हसून म्हणे, "तुमच्याकडेच आलेय बाबा. चांगली लग्न करून."

पण पाहणीवाल्या बाईंनी समोर बसून सांगायला सुरुवात केली आणि मामांची पाठ खुर्चीत ताठ झाली.

"या उतारावर पूर्वी तुम्ही खड्डे घेतले होते ना, तेच आम्हाला पुन्हा उघडायचेत. इतक्या वर्षांत माती टिकली की वाहून गेली, ते बघायचंय. पण नेमक्या जागा कोणालाच ठाऊक नाहीत."

"मला ठाऊक आहेत," मामा म्हणाले. एका गालावर फेस तसाच. "अगं, साहेब आलेत. चहा टाक."

"बाई आहेत, अहो."

"मग बाईसाहेब. चहा टाकायला काय फरक पडतो?"

सून दारातच थबकली. कारखान्याच्या गाडीचा भोंगा वाजून गेला तरी ती हलली नाही. मामा बोलत होते. वरच्या सोंडेवर एक, काटेरी झुडपाच्या पोटात, तिथं कुदळ दोनदा मोडली. ओघळीच्या डाव्या अंगाला एक, तिथली माती उन्हाळ्यात अशी तडकायची की भेगेत हात कोपरापर्यंत जायचा. मेंढ्यांच्या वाटेखाली एक. "पाऊस पडला की तिथं जाऊ नका," त्यांनी बाईंना बजावलं. "माती बुटाला चढते आणि माणूस चालता चालता उंच होतो. घरी येईपर्यंत बायको ओळखत नाही."

"माझे बूट बघा की," बाई हसत म्हणाल्या.

मामांनी वाकून खरंच हात लावून पाहिला. चिखलाचा एक तुकडा मोडला, बोटांत चुरला, जिभेच्या टोकाला लावला. "उताराच्या खालच्या अंगाचा," ते म्हणाले, आणि एखाद्या जुन्या मित्राचं पत्र यावं तसे खूश झाले.

सून मामींच्या कानाशी लागली. "आई, किती दिवसांनी हसले हो बाबा. मी आज रजाच टाकते."

मामींनी मान हलवली. त्यांनाही बरं वाटत होतं. पण मनात कुठंतरी धाकधूक सुरू झाली होती, कारण उतारावर अजून एक खड्डा होता, आणि मामांनी त्याचं नाव अजून काढलं नव्हतं.

"आणि एक तो," मामा म्हणाले. त्यांनी खिडकीकडे बोट केलं. त्यांना तिथलं काही दिसत नव्हतं, पण बोट बरोबर गेलं. "पांढरा डाग."

"तो!" बाई पुढे सरकल्या. "तोच आम्हाला आधी उघडायचाय, मामा. आजूबाजूला गवत आहे, आणि तेवढ्या जागेत वर्षानुवर्षं एक काडी नाही. का, ते कोणालाच सांगता येत नाही."

"त्यात काय सांगायचं? माझ्या हातून बिघडला तो." मामांचा आवाज उतरला. "उलटा भरला मी. वरची माती तळाला आणि खडकाचा चुरा वर. आख्ख्या नोकरीत एवढा एकच. साहेब म्हणाले होते, हे काय केलंस? मी म्हटलं, चुकलो. कसा चुकलो, कोण जाणे. प्यायलो नव्हतो. मी पीत नाही. रोज इथं बसून तोच डोक्यात येतो. उघडा तो, बाईसाहेब. मला घेऊन चला. या वेळी मी नीट भरून घेईन."

मामींच्या हातातल्या वस्तऱ्यावरचा फेस वाळून गेला होता. त्या आत गेल्या आणि शेगडीशी नुसत्याच उभ्या राहिल्या.

त्या खड्ड्यात त्यांची मुलगी होती.

ती जन्मली त्याच्या आधीच्या दिवशी साहेब खड्डा बघून गेले होते. त्या दिवशी काम फक्त भरण्याचं, अर्ध्या सकाळचं. मामींना आठवा महिना होता. जाऊ म्हणाली, घरी बस. पण घरी बसून जाऊचं तोंड बघण्यापेक्षा माळ बरा म्हणून मामी गेल्या. रात्री पाऊस झाला होता आणि उतार साबणासारखा झाला होता. दोघं एकमेकांना धरून, हसत, घसरत वर पोचले. तिथं मामींना कळा सुरू झाल्या. खाली उतरणं शक्यच नव्हतं. मामांनी त्यांना उचलून घेतलं, आणि दहा पावलांत दोघंही पडले. मग त्यांनी मामींना झुडपाच्या सावलीत, रिकाम्या गोणपाटावर निजवलं. माणूस बोलवायला जावं, तर इथं एकटी टाकून कसं जायचं? मुलगी झाली. पूर्ण होती, नखंसुद्धा होती. रडली नाही.

दुपारपर्यंत दोघं तिला घेऊन बसले. मग मामांनी सदरा काढला, तिला त्यात गुंडाळलं, आणि खड्ड्यात उतरले. चहूकडे वीतभर चिखलाखाली नुसता खडक; खणलेली अशी जागा तेवढीच होती. मामी पडल्या पडल्या बघत होत्या. मामा वर आले, गोणपाटांपाशी गेले, आणि खडकाच्या चुऱ्याचं गोणपाट ओलांडून वरच्या मातीच्या ढिगापाशी बसले. ओंजळी भरभरून ती काळसर, मुळांची, मऊ माती त्यांनी आधी आत सोडली. फावड्यानं नाही, हातांनी. अहो, उलटं भरताय, हे शब्द मामींच्या ओठांवर आले होते. इतकी सवय झाली होती त्या क्रमाची. मग त्यांना कळलं, आणि त्या गप्प राहिल्या.

चुरा शेवटी गेला. अणकुचीदार, पांढुरका. त्यावर काही उगवलं नाही.

घरी दोघांनी सांगितलं की मूल दवाखान्याच्या वाटेवर गेलं, तिथंच सोय केली. कोणी फार खोदून विचारलं नाही. अशा गोष्टी तेव्हा लोक पटकन झाकून टाकत. जाऊ मात्र पुढची कितीतरी वर्षं म्हणत राहिली, "घमेली उचलायची हौस होती ना." नंतर मुलगा झाला, त्याचं कोडकौतुक झालं, आज तो पाण्याचा टँकर चालवतो, त्यालाही यातलं काही माहीत नाही. स्वतःचं घर बांधताना मामांनी मोठी खिडकी माळाच्या बाजूला काढली. गवंडी म्हणाला, वारा तिकडूनच येतो, धूळ येईल. मामा म्हणाले, येऊ दे. मामी काही बोलल्या नाहीत. मामांनीही कधी उल्लेख केला नाही. त्या खिडकीशी बसून दोघांनी मिळून किती भाजी निवडली, किती चहा प्यायले, याला गणती नाही.

आणि आता मामांना चूक आठवत होती, मूल आठवत नव्हतं.

गेल्या थंडीत एकदा त्यांनी विचारलं होतं, "अगं, आपल्याला एकच का गं मूल?" मामींना वाटलं, इतक्या वर्षांनी निदान आता बोलू. त्यांनी सांगितलं. मामा लहान पोरासारखे रडले. छाती धरून, हुंदके देत, आत्ताच घडल्यासारखे. मामींनी त्यांना थोपटून निजवलं. उठले तेव्हा चेहरा स्वच्छ होता. दिवेलागणीला पुन्हा म्हणाले, "अगं, आपल्याला एकच का गं मूल?" त्यावर मामी म्हणाल्या, "एकच बास झालं. त्यानंच किती पिडलंय." आणि मामा हसले होते.

चहा उतू गेला. सुनेनं धावत येऊन पातेलं उतरवलं.

"आई, लक्ष कुठं आहे? जीप आहे त्यांच्याकडे, आत्ताच जाऊन येतो म्हणतायत. बाबा तर चपला शोधायला लागलेत."

"ऊन किती आहे बघ. त्यांना झेपायचं नाही."

"थोडा वेळ तर जायचंय. जाऊ द्या ना."

"गुडघे दुखतात त्यांचे. आणि अर्धी दाढी राहिलीय."

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. नवऱ्याच्या आनंदाआड येणारी ही बाई तिला अनोळखी होती. बाहेरून मामांचा आवाज आला, "अर्ध्या दाढीनं मातीला काय होतंय? माती काय मुलगी बघायला आलीय?" यावर पाहणीवाल्या बाई खळखळून हसल्या, आणि मामींचं कारण तिथंच संपलं.

जीप माळाच्या पायथ्याशी थांबली. चिखल आता वाळून त्याची कवचं झाली होती, पायाखाली मोडत होती. गवताचे तुरळक झुपके, मध्ये मध्ये उघडी, भेगाळलेली जमीन. मामा बाईंच्या दंडाला धरून चढत होते, दुसऱ्या हातात काठी. ड्रायव्हर कुदळ-फावडं घेऊन मागे. घरी थांबलेल्या सुनेनं मामींच्या हातात पाण्याची बाटली आणि छत्री दिली होती. त्या दिवसानंतर मामी या वाटेनं कधीच आल्या नव्हत्या. झुडूप तेच होतं की दुसरं, कळत नव्हतं.

वाटेतच लागला म्हणून आधी ओघळीकडचा खड्डा उघडला. ड्रायव्हरनं चांगला हात-दीड हात खणलं, तेव्हा मामा म्हणाले, "थांब." ते काठावर बसले, हात आत घातला आणि भिंतीवरून वरपासून खालपर्यंत बोटं फिरवत गेले. चिकण, ढेकळं, चुरा. चिकण, ढेकळं, चुरा. जिथल्या तिथं.

"बघा," ते म्हणाले. "कोणी म्हणेल का, इथं कुदळ लागली होती म्हणून?"

"नाही म्हणणार," बाई म्हणाल्या, आणि ते तोंडदेखलं नव्हतं.

मामांच्या अर्ध्या गालावर वाळका फेस होता आणि अर्ध्या गालावर ऊन. मामींना वाटलं, हा माणूस आज किती सुखात आहे. आणि लगेच त्यांना पुढचं दिसलं. ड्रायव्हर पांढऱ्या डागावर कुदळ मारील. चुरा सहज निघेल. मग ती काळी, मऊ माती लागेल आणि मामा म्हणतील, थांब. काठावर बसतील, हात आत घालतील. त्या हातांना काय सापडेल? मातीनं इतक्या वर्षांत काय ठेवलं असेल आणि काय नाही, मामींना ठाऊक नव्हतं. सदऱ्याला हाडाची बटणं होती.

"चला, आता तो," मामा उठत म्हणाले. "वर, झुडपाच्या उजवीकडे. ड्रायव्हर, तू मला धर. बाईसाहेबांना जरा दम खाऊ दे. शिकलेली माणसं लवकर दमतात."

ड्रायव्हरनं हसत त्यांना धरलं. दोघं पुढे निघाले. मामा त्याला गोणपाटं कशी अंथरायची ते समजावत होते.

बाई पाणी प्यायला थांबल्या होत्या. मामींनी बाटली त्यांच्या हातात दिली आणि ती देताना त्यांचं मनगट धरलं. घट्ट धरलं असावं, कारण बाईंनी चमकून बघितलं.

"मामी? बरं वाटत नाहीये का?"

मामी वर बघत होत्या. मामांना डाग दिसणार नव्हता. ते तर बोटांनीच बघणार होते. न उकरलेल्या जमिनीत बोटांना काय लागतं? चिकण, ढेकळं, चुरा. जिथल्या तिथं. म्हणजे मग ते म्हणतील, अगं, मी तर नीटच भरला होता. साहेब उगाच ओरडले. खिडकीशी बसून एवढंच आठवतील. चुकलो हा शब्दही मग जाईल, बाकीच्या सगळ्या शब्दांमागे. आणि त्या दिवसाचं आठवणारं या जगात मामींखेरीज कोणी उरणार नाही. त्यांनी क्षणभर तेही तोलून पाहिलं.

वरून हाक आली, "अगं, येताय ना?"

"आलो, आलो," मामींनी ओरडून सांगितलं. मग त्या हळू आवाजात बाईंना म्हणाल्या, "बाई, यांना मीच खड्ड्यात माती टाकू लागायची. या डागाखाली आमची मुलगी आहे. जन्मली तेव्हाच गेली. मऊ माती तिच्या अंगावर यावी म्हणून यांनी ती आधी टाकली, चुकून नाही. आता त्यांना ते आठवत नाही, आणि मला पुन्हा सांगायचं नाही."

बाईंच्या हातातली बाटली तशीच राहिली. मामींनी त्यांचं मनगट सोडलं.

"तुमच्या कामात मोडता घालायचा नाही मला. फक्त तो खड्डा उघडू नका. थोडं बाजूला, गवत आहे तिथं खणा, आणि हाच तो म्हणून त्यांना हात लावू द्या."